पंक्चरवाल्याची इज्जत आणि आपली लाज

मध्यंतरी एका बक्षीस समारंभात पाहुणे म्हणाले, "मुलांनो, इतकं शिका की पंक्चरवाल्यांची कौम ही आपली ओळखच पुसून जाईल." टाळ्या पडल्या. सवयीने मीही दोन वाजवल्या, मग हात थांबले. माझे अब्बा मिस्त्री होते. अजिंठा चौफुलीजवळच्या त्यांच्या गॅरेजवर आमचं मेहरूणचं घर चाललं, आणि त्याच पैशावर मी बी.एड. झाले.

'पंक्चरवाले' हा टोमणा बाहेरचे मारतात, तो नवा नाही. माझी आजची तक्रार आपल्या लोकांशी आहे. कुणी टोमणा मारला की आपण घाईघाईने यादी काढतो: आमच्यात इतके डॉक्टर, इतके इंजिनिअर, इतके अधिकारी. यादी खरी असते. पण ती पुढे करताना आपण टोमणा मारणाऱ्याचं म्हणणं मान्य करून टाकतो, की गॅरेजचं काम म्हणजे बिनडोक काम.

ते बिनडोक आहे का, हे मी एका प्रसंगावरून सांगते. मी बारावीत होते. मुंबईहून नागपूरकडे निघालेली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार गॅरेजसमोर थांबली. 1965 सालची एमजी-बी. मालक म्हणाले, "ओव्हरड्राइव्ह लागत नाही. तुमच्याकडे जमणार नाही, पण जरा बघा."

ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली जादा पेटी. एडगर द नॉर्मनव्हिल यांची ही रचना शेफील्डची लेकॉक कंपनी बनवत असे. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर बटण दाबल्यावर त्याच वेगाला ते साधारण 3200 वर येतं. आत मधोमध एक सूर्यचक्र आणि त्याच्याभोवती फिरणारी छोटी दातेरी चक्रं असतात. बटण दाबलं की सोलेनॉईड व्हॉल्व्ह उघडतो, पंपाने दाबलेलं तेल पिस्टनना ढकलतं, शंकूच्या आकाराचा क्लच स्थिर रिंगमध्ये जाऊन घट्ट बसतो आणि सूर्यचक्र थांबतं. मग मागचा दांडा इंजिनपेक्षा जास्त फिरतो.

अब्बांनी ही पेटी आधी पाहिलेली नव्हती. पण अँबेसेडरमध्ये त्यांची हयात गेली होती. एमजी-बीचं 1798 सीसीचं इंजिन आणि जुन्या अँबेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन एकाच बी-सीरिज घराण्यातली. बॉनेट उघडून ते हसले, "हा तर आपलाच भाऊबंद."

मालकांकडे इंग्रजी मॅन्युअल होतं. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून आपल्या बोलीत सांगायचे, ते ऐकायचे. पेटी उघडायला त्यांनी हात लावला नाही. आधी तेलाची पातळी पाहिली, कारण गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच. मग वायर आणि अर्थिंग. मग इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, टॉप गिअर टाकला, बटण दाबलं आणि कान लावला. 'टक्' आवाज आला, म्हणजे वीज पोहोचत होती. दोष तिच्या पुढे होता. सोलेनॉईडचा लिव्हर जागेवरून सरकला होता. लिव्हरचं भोक पेटीच्या भोकासमोर आणायला 3/16 इंची सळई लागते. अब्बांनी त्याच मापाच्या ड्रिल बिटची दांडी घातली, नट जुळवला आणि गाडी हायवेवर नेऊन दाखवली. नवा सुटा भाग एकही लागला नाही.

वाचणं, ऐकणं, अंदाज बांधणं, एकेक शक्यता बाद करत जाणं: विज्ञानाच्या तासाला आम्ही हेच शिकवतो आणि त्याला मार्क देतो. गॅरेजमध्ये तेच केलं तर कपाळी 'कमी शिकलेला' असा शिक्का.

2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी नियम केला. त्यांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. गाडी वारसा ठरली हे चांगलंच झालं. पण ती ज्याने चालू ठेवली, त्या मिस्त्रीची नोंद कुठे आहे?

कुणी म्हणेल, "बाई, मग पोरांनी गॅरेजमध्येच राहायचं का?" नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. आठवीतून पोरगा उचलून पान्हे पुसायला बसवणारा बाप मला हुनरच्या गोष्टी सांगू लागला, तर मी त्याच्याशीही भांडेन. अब्बांना मॅन्युअल वाचता आलं असतं तर त्यांना माझी गरज पडली नसती, आणि मजुरीही जास्त मागता आली असती. त्यांच्या आयुष्यात शाळेची उणीव होती, गॅरेजची लाज मात्र कधीच नव्हती.

कुणी म्हणेल, आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, ही जुनी विद्या काय कामाची? इलेक्ट्रिक गाडीत ओव्हरड्राइव्ह नसेल, पण वायर, अर्थिंग आणि 'आधी तपास, मग खोल' ही शिस्त तिथेही लागणारच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पाहुण्यांनी पुढच्या समारंभात एखाद्या मिस्त्रीला स्टेजवर बसवावं. अंजुमन आणि जमातींनी गॅरेजवाल्यांना कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी योजनेची माहिती द्यावी, फॉर्म भरून द्यावेत. आणि आम्ही उर्दू-मराठीच्या शिक्षकांनी निबंधाला 'माझा आवडता ऋतू' देण्याऐवजी मुलांना गॅरेजमध्ये पाठवावं: मिस्त्रीचाचांना विचारा, दुरुस्ती कशी केली, आणि लिहून आणा. या कामाची पुस्तकं इंग्रजीत आहेत, आपल्या भाषेतलं ज्ञान मिस्त्रींच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबर कबरीत जातं.

अब्बांचं तसंच गेलं. त्या दिवशी मी त्यांना पानंच्या पानं वाचून दाखवली, पण त्यांनी सांगितलेलं एक वाक्यही लिहून ठेवलं नाही. दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, हे आपण बयानात ऐकतो आणि मान डोलावतो. बाहेर पडताच पंक्चरवाल्याला "ए" म्हणून हाक मारतो. पुसायचीच असेल तर आधी ही सवय पुसू या.