जन्मदर म्हणजे काय रे भाऊ?

निवडणूक जवळ आली की मोबाइलवर तोच मेसेज फिरू लागतो. ‘त्यांचा’ जन्मदर बघा, थोड्याच वर्षांत ‘ते’ बहुसंख्य होणार! पाठवणाऱ्याला शांतपणे विचारा, जन्मदर म्हणजे काय रे भाऊ? दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात झालेले जन्म. ज्या समाजात तरुण जास्त, तिथे घरटी दोनच मुलं असली तरी हा आकडा चढाच दिसतो. म्हणून पाहायचं ते एका स्त्रीला सरासरी किती मुलं होतात हे. ही सरासरी २.१ च्या आसपास आली की लोकसंख्या कालांतराने स्थिरावते.

सरकारचंच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काढा. १९९२-९३ मध्ये ही सरासरी मुस्लिमांत ४.४ आणि हिंदूंत ३.३ होती. २०१९-२१ मध्ये ती २.३६ आणि १.९४ झाली. म्हणजे एका मुलाहून जास्त असलेला फरक अर्ध्या मुलाच्याही आत आला. त्याच पाहणीत बिहारची, सर्वधर्मीयांची मिळून, सरासरी जवळपास ३ आहे. देशातल्या मुस्लिमांपेक्षा जास्त! बिहारवर कुणी असा मेसेज पाठवत नाही.

आणि ‘चार बायका’? २०११ च्या जनगणनेत हजार मुस्लिम पुरुषांमागे ९५१ स्त्रिया होत्या. एकाने दोन केल्या तर दुसरा बिनलग्नाचा राहील. मुलं जन्माला घालणाऱ्या बायका तेवढ्याच. बहुपत्नीत्वाला आमचा विरोध आहेच, पण तो बाईच्या हक्कासाठी. मुंडकी मोजण्यासाठी नव्हे.

आता जरा आपल्या घरात. ‘जास्त औलाद म्हणजे कौमची ताकद’ असं स्टेजवरून सांगणारे आपल्यातही आहेत. त्या मेसेजवाल्याला याहून चांगला मित्र मिळणार नाही. पोट कुणाचं, बाळंतपण कुणाचं, हे दोघांनाही विचारायचं नसतं. शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांची सरासरी २.८, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांची १.८. हे आकडे सगळ्या धर्मांच्या बायकांचे आहेत.

महाराष्ट्रात तर २००१ पासून दोनपेक्षा जास्त मुलं झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण तिसऱ्या मुलाचा निर्णय जिच्या हातात नव्हता, तिचीच उमेदवारी जाते. पंचायतीत तिची अर्धी जागा राखीव ठेवायची आणि दारात तिची मुलं मोजायची, हा कुठला न्याय?