विजेत्यांनी सामना रोखला तेव्हा

व्यावसायिक खेळाडू म्हटला की कोट्यवधींचे करार, जाहिराती आणि मोटारी एवढेच आपल्या कामगारांच्या डोळ्यांपुढे येते. अशांना युनियन कशाला हवी, असे आमच्या शाखांतले तरुण साथी विचारतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या १९६३-६४ च्या हंगामाची हकीकत येथे देत आहोत.

त्या हंगामात लीगमध्ये अवघे नऊ संघ होते. सेल्टिक्सने ८० पैकी ५९ सामने जिंकले आणि एप्रिल १९६४ मध्ये अंतिम फेरीत सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सला ४-१ असे हरवून सलग सहावे विजेतेपद मिळवले. बिल रसेल हा त्यांचा आधारस्तंभ. त्याची मोठेपणाची खूण गुण करण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला रोखण्यात आणि परतलेला चेंडू साथीदाराच्या हाती देण्यात होती. संघात सर्वाधिक गुण सरासरी होती जॉन हॅवलिचेकची, आणि तो बहुधा सुरुवातीच्या पाच जणांत नसून राखीव म्हणून मैदानात उतरे. मान कोणाला आणि काम कोणाचे, याचा हिशेब तेथे कोणी मांडत बसले नाही.

पण आमच्या मते त्या हंगामातील सर्वात मोठा विजय गुणफलकावर लागलेलाच नाही.

खेळाडूंची युनियन सेल्टिक्सच्याच बॉब कूझीने १९५४ मध्ये उभी केली. मागण्या काय होत्या ते पाहा. प्रवासात जेवणाखाण्याचा भत्ता हवा. पंच खेळाडूला जागच्या जागी पंधरा डॉलरचा दंड ठोकत, त्याला ‘कुजबुजीचा दंड’ म्हणत. तो बंद व्हावा. मालकांनी युनियनला मान्यता द्यायला १९५७ साल उजाडले. त्या काळी कित्येक खेळाडू हंगाम संपला की पोटासाठी दुसरी नोकरी करत. गुडघे गेले की खेळ संपला, आणि पुढे काहीच नाही. म्हणून पेन्शनची मागणी पुढे आली. मालक मंडळी वर्षानुवर्षे ‘पाहू, करू’ म्हणत राहिली. ही भाषा आपल्याला अनोळखी नाही!

१४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टनमध्ये लीगमधील निवडक खेळाडूंचा सामना होता. टेलिव्हिजनवरून तो देशभर दिसणार होता. युनियनचा अध्यक्ष होता सेल्टिक्सचाच टॉम हाइन्सन. बाहेर बर्फाचे वादळ, प्रेक्षागृहात लोक बसलेले, आणि खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत ठाण मांडून: पेन्शनचा शब्द मिळाल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवणार नाही. लॉस एंजेलिसच्या मालकाने आपल्या दोन खेळाडूंना, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट यांना, दमबाजीचा निरोप धाडला. बेलरने निरोप्याला तसाच परत पाठवला. शेवटी लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, तेव्हाच सामना उशिरा सुरू झाला. सेल्टिक्सचे मालक हाइन्सनवर भयंकर चिडले. त्याच हाइन्सनने पुढे संघाबरोबर विजेतेपदही मिळवले. संप करणारे काम बुडवतात म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

या घटनेतून आम्ही दोन गोष्टी घेतो.

पहिली अशी की, त्या खोलीत बसलेले लीगमधील सर्वात नावाजलेले खेळाडू होते. त्यांना काढून टाकणे मालकांना परवडणारे नव्हते. आपले हे बळ त्यांनी स्वतःचा करार वाढवून घेण्यासाठी वापरले नाही. राखीव खेळाडूच्या म्हातारपणासाठीही वापरले. रेल्वेत आज हे बळ कोणाकडे आहे? लोको पायलट, स्टेशन मास्तर, सिग्नलचे तंत्रज्ञ यांच्याकडे. आणि डबे धुणारे, फलाट झाडणारे ठेकेदाराचे मजूर? त्यांच्या बाजूने आपली कायम कर्मचाऱ्यांची संघटना किती वेळा उभी राहते, हा प्रश्न प्रत्येक शाखेने स्वतःला विचारावा.

दुसरी गोष्ट कडू आहे. पेन्शन योजना आली, पण आधीच निवृत्त झालेले जुने खेळाडू तिच्याबाहेर राहिले. त्यांना पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. तारखेची एक रेघ ओढली की एकाच कामाचे दोन वर्ग पडतात. आपल्या देशात १९८२ च्या नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशीच रेघ खोडली आणि पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नव्हे, असे बजावले. तरीही १ जानेवारी २००४ पासून नवी रेघ ओढली गेली. त्यानंतर लागलेल्या कर्मचाऱ्याला बाजाराच्या चढउतारावर सोडून दिले. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला, २५ वर्षे नोकरी झालेल्याला निम्म्या मूळ पगाराची हमी आली. ही लढ्याची कमाईच आहे. पण पगारातून दहा टक्के वर्गणी कापली जातेच, आणि ठेकेदाराच्या मजुराला तर यातले काहीच नाही.

जुन्या पेन्शनवाल्या साथींना आमचे सांगणे आहे: ‘आमचे झाले’ म्हणून घरी बसू नका. २००४ नंतरच्या तरुणांनाही सांगणे आहे: तुमच्या खाली आणखी एक रेघ आहे, तिच्याकडे पाठ फिरवू नका. सेल्टिक्सचे चषक आता बोस्टनच्या इतिहासात आहेत. त्या रात्री खोलीत बसून मिळवलेला शब्द मात्र सेल्टिक्सला हरवणाऱ्या आणि सेल्टिक्सकडून हरणाऱ्या, दोघांच्याही कामी आला. संघटनेचा विजय असाच असायला हवा.