जवारी लावण्याचा हक्क

माझ्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर एक सूचना छापलेली आहे : आत वापरणाऱ्याने हात घालावा असं काही नाही, उघडू नये. मी तो उघडला, आतले मोजके भाग बदलले आणि आज तो मला हवा तसा वाजतो. यात मी काही वावगं केलं असं मला वाटत नाही. उलट, ज्याला वाद्य म्हणून विकायचं त्याच्यावर अशी सूचना छापणंच मला खटकतं.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढले. नोकरी बँकेत, आणि पंचवीस वर्षं संध्याकाळी हातात गिटार. ॲम्प्लिफायर शंभर वॅटचा, व्हॉल्व्हचा, हाय-गेन जातीचा, सेकंडहँड घेतलेला. हाय-गेन म्हणजे तारेतून आलेला इवलासा सिग्नल एकामागून एक तीन-चार टप्प्यांत फुगवत न्यायचा, इतका की लाटेचा माथा कापला जातो. त्या कापण्यातून मूळ सुरात नसलेले नवे स्वरांश जन्माला येतात. रॉकमधली गिटार गरजते ती यामुळे.

पण माझ्या कानात वेगळंच काही होतं. आमच्याकडे छत्तीसगढात लग्नाच्या वरातीत गडवा बाजा असतो आणि त्यात मोहरी वाजते. सनईच्या कुळातली, पण अधिक धारदार, नाकातून आल्यासारखी. दफडा आणि निसाणच्या गदारोळातही ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते, कारण तिची सगळी ताकद मधल्या पट्टीत असते. माझ्या ॲम्प्लिफायरची मधली पट्टी पोकळ होती आणि खालची नुसती घुमायची. सहावी तार मोकळी सोडली की ८२ हर्ट्झचा तो सूर चिखलात पाय रुतल्यासारखा पसरायचा.

आजीचा तंबोरा मिरजेचा होता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला तिची फार आठवण आली. तंबोरा कितीही चांगला असला तरी आजी त्याची जवारी आपल्या गळ्याला जुळवून घ्यायची. घोडीचा माथा कानसेने किंचित घासायचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, की त्याच तारेतून वेगळे स्वरांश उमलतात. घोडी घासली म्हणून तंबोरा बिघडवला, असं कुणी कधी म्हणालं नाही. गायकाने जवारी लावून घेणं हा वाद्याचा मान समजला जायचा. गिटारचा ॲम्प्लिफायर हा पेटीत बंद यंत्र दिसतो म्हणून आपण त्याला फ्रिज-मिक्सरच्या रांगेत बसवतो. तो गिटारचा अर्धा भाग आहे आणि त्याचीही जवारी लागते.

ज्या नावांना आपण आज मूळ समजतो ती तरी कुठून आली? लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलच्या माणसांनी १९६२ मध्ये अमेरिकन फेंडर बेसमनचं सर्किट घेतलं आणि इंग्लंडमध्ये मिळणारे भाग घालून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला. कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथने फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टनमध्ये मोठे ट्रान्सफॉर्मर बसवले, त्यातून मेसा बूगी जन्मली. एडी व्हॅन हेलनने तर मेन्सचाच व्होल्टेज उतरवून मार्शल वाजवला. ही सगळी माणसं झाकण उघडणारी होती.

मला झाकण उघडायला शिकवलं गोलबाजाराजवळच्या एका गल्लीतल्या रेडिओवाल्या चाचांनी. त्याआधी मी हा ॲम्प्लिफायर दुसऱ्या एका मोठ्या शहरात पाठवला होता. तिथे सर्किटचा नकाशा नाही म्हणून नुसते नवे व्हॉल्व्ह खोचले, बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून सतत वाहणारा करंट, मोजलाच नाही. महिन्याभरात एका व्हॉल्व्हची प्लेट लोहाराच्या भट्टीतल्या पट्टीसारखी लाल झाली. चाचांनी आयुष्यभर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह असलेले रेडिओ आणि लाऊडस्पीकरचे सेट दुरुस्त केले आहेत. त्यांचा पहिला धडा एका वाक्याचा होता : “एक हाथ खीसा म राख, नोनी.” एक हात खिशात ठेव. दोन्ही हात सेटमध्ये असले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छाती ओलांडतो. खिसा हा शब्द छत्तीसगढीत आणि मराठीत एकच, त्यामुळे तो धडा मला भाषांतराविना कळला.

प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये साडेचारशेच्या वर व्होल्ट दबा धरून असतात. चाचांनी जाड रेझिस्टन्सला क्लिपा लावून तो चार्ज उतरवला आणि मीटर माझ्यासमोर धरला. आकडा उतरत गेला, चारशे, दोनशे, नव्वद, तीन. तीनच्या खाली आल्याशिवाय त्यांनी मला बोटही लावू दिलं नाही.

मग त्यांनी मेन्स मोजला. रात्री आमच्या लाइनला २४६ व्होल्ट, आणि सेटचा खटका २२० वर. म्हणजे व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत तिथे ७ जात होते. खटका २४० वर गेला. प्लेटवर ४७० व्होल्ट आले. माझ्या सेटमधला ईएल ३४ हा २५ वॅटचा व्हॉल्व्ह, त्याला सत्तर टक्क्यांवर ठेवायचं तर प्रत्येकी ३७ मिलिअँपिअर ही हद्द. चाचांनी करंट ३४ वर थांबवला.

आवाजाचं काम त्यानंतरचं. दुसऱ्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ०.६८ चा बसवला. त्यामुळे साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचा फुगवटा ओसरला आणि चिखल गेला. टोनच्या जाळ्यातला ४७ किलो-ओहमचा रेझिस्टन्स काढून ३३ चा लावला, तशी मधली पट्टी भरून आली. तिसऱ्या टप्प्यात मात्र आम्ही चार संध्याकाळी घालवल्या. त्या व्हॉल्व्हला मुद्दाम थंड ठेवतात, म्हणजे लाटेची एक बाजू आधी कापली जाते. तो थंडपणा एका रेझिस्टन्सवर ठरतो. मार्शलच्या २२०३ या मॉडेलमध्ये तो १० किलो-ओहम, सोल्डानो कंपनीच्या शंभर वॅटवाल्यात ३९. माझ्यातही ३९ होता. आम्ही २२ लावून पाहिला, मग १५, मग १०. दर वेळी बंद करायचं, चार्ज उतरवायचा, डाग द्यायचा, पुन्हा वाजवायचं. ३९ वर आवाजात खडे होते. १० वर तो ओळखीचा इंग्लिश आवाज झाला, चांगला पण माझा नाही. १५ वर खडे गेले, धार राहिली, आणि वरच्या सप्तकात तार ओढली तेव्हा मोहरी आली. चाचा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं.

काढलेले भाग मी कागदात गुंडाळून, आकडे लिहून, पेटीच्या आतच चिकटवले आहेत. पुढच्या मालकाला मूळ आवाज हवा असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

हे धोक्याचं काम आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ते झाकून ठेवण्यापेक्षा शिकवायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. वाद्यं त्यात आलीच पाहिजेत. पूर्वी फेंडरच्या पेटीत कुठला व्हॉल्व्ह कुठे याचा तक्ता चिकटवलेला असायचा. आज एवढे पैसे मोजून घेतलेल्या वाद्याचा नकाशा मागावा लागतो, हे मला मान्य नाही. नकाशा वाद्याबरोबर खोक्यातच आला पाहिजे.

आणि शिकवायचं कुठे, तर आमच्याच राज्यात. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ चं. रायपूरची एनआयटी, म्हणजे तेव्हाचं मायनिंग आणि मेटलर्जीचं कॉलेज, तेही १९५६ चं. एकीकडे कान तयार होतात, दुसरीकडे हात. या दोघांनी मिळून वाद्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची एक कार्यशाळा चालवावी आणि चाचांसारख्या कारागिरांना तिथे मानाने, मानधन देऊन बोलवावं. चाचा आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, दुकान सकाळचे दोन-तीन तासच उघडतात.

तोवर वाचकांना एक विनंती. घरात व्हॉल्व्हचा जुना रेडिओ किंवा सेट पडून असेल तर त्याला वीज लावू नका आणि भंगारातही देऊ नका. एखाद्या जाणत्या कारागिराकडून त्याचं मागचं झाकण काढून घ्या, आणि आत नकाशाचा कागद चिकटवलेला दिसला तर त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.