आश्विनांतील ऊन आणि पोथ्यांवरील बुरशी

पावसाळा सरला, कीं पोथ्या-पुस्तकांस ऊन दाखविण्याची आमच्या घरीं जुनी रीत आहे. गतवर्षीं आश्विनांत हिरवट पूट चढलेली एक चवड आम्ही पडवींतच झटकली. जवळच नातू खेळत होता. त्या रात्रीं त्याचा दमा असा उसळला, कीं पहांटेपर्यंत घरांत कोणाचा डोळा लागला नाहीं. डॉक्टरांनीं एवढेंच विचारलें, “आज घरांत काय झाडलेंत?”

ओल आहे तोंवरच बुरशीचें भय, अशी आमची समजूत होती. श्रावणांत ती कपाटामागें वाढते हें खरें. परंतु पुस्तकांवरील बुरशीचे बीजाणू हवेंत उधळतात ते विशेषतः ती सुकल्यावर व तीस धक्का लागल्यावर. कित्येक बीजाणू तर इतके सूक्ष्म, कीं एका मिलिमीटरांत दोन-तीनशें ओळीनें बसावे. ते छातींत खोल उतरतात. बाहेरही तोच प्रकार. कांहीं जातींचे बीजाणू पावसाच्या ओलाव्यानेंच सुटतात, तर पिकांवरील व पाचोळ्यावरील काळ्या बुरशीचे कोरड्या वाऱ्यावर.

यंदा प्रथम कौलांची गळ बुजविली. तिच्यावांचून पुसणें व्यर्थ. भिंती ओल्या फडक्यानें पुसल्या. पुस्तकें दूर अंगणांत नेऊन, मास्क बांधून, मऊ कुंचल्यानें साफ केलीं. नातवास तेवढे दिवस आजोळीं धाडलें.

तीर्थरूपांच्या हातच्या दोन पोथ्या मात्र टाकवल्या नाहींत. वाळवून, पेटींत बंद करून माळ्यावर ठेवल्या आहेत. सूनबाई त्या पेटीकडे अद्याप संशयानेंच पाहतात.