दारात सापडलेलं मनगट

कोलशेतला आमच्या शेजारच्या आजींचं मनगट अधूनमधून काळंनिळं दिसे. "दारात सापडलं गं," म्हणायच्या. मुलगा तिथंच बसलेला, दुसरं काय सांगणार? परवा तो कामावर गेल्यावर मी चहा घेऊन गेले, तेव्हा रडल्या. "तक्रार केली तर घराबाहेर काढेल." अहो, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काही सुनांपुरताच नाही! मुलगा मारत असेल तर आईलाही संरक्षण आहे, त्याच घरात राहण्याचा हक्कही आहे. खर्चाला देत नसेल तर २००७ च्या कायद्याने प्रांतसाहेबांकडे अर्ज करायचा. आजींना जमत नसेल तर त्या सांगतील त्या माणसाला तो करता येतो. ज्येष्ठांचा फोन १४५६७. तो आजींच्या पोथीत लिहून ठेवलाय. उद्या दुपारी आम्ही दोघी अर्ज लिहायला बसतोय.