टोलमाफी कुणाच्या गाडीला?



तुर्भ्याच्या एका वस्तीतल्या विहारात मागच्या महिन्यात आमची बैठक होती. बैठक संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, इलेक्ट्रिक गाड्यांवर कसली चर्चा लावलीत? आपल्या वस्तीत मोटार आहे कुणाकडे? तो त्यांचा विषय आहे." दोनचार जण हसले. आम्हीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही, कारण नेमकी इथेच आपली फसगत होते. मोटार त्यांची असली तरी तिला मिळणारी सवलत सरकारी तिजोरीतून जाते, आणि ती तिजोरी आपल्याही साबणावरच्या करातून भरलेली आहे.

आधी टोलचे बघू. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये नवे विद्युत वाहन धोरण मंजूर केले. पाच वर्षांसाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद केली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या मोटारींना आणि बसना टोलमाफी जाहीर झाली. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. आता या तीन रस्त्यांची नावे पुन्हा एकदा वाचा. तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे आणि रिक्षालाही बंदी आहे. आपल्या वस्तीतला पोरगा हप्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिवसभर जेवणाची पार्सले पोचवतो, धूर काडीचाही सोडत नाही, पण त्याला त्या पुलावर पायच ठेवता येत नाही. मग त्याला माफी कसली देणार? विजेवरचा मालवाहू टेम्पोसुद्धा या माफीत बसत नाही. सरकारने पर्यावरणाचे बक्षीस अशा दारात ठेवले आहे, जिथे आपल्याला प्रवेशच नाही. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही म्हणा.

अटल सेतूवर मोटारीचा टोल जाताना २५० रुपये, जाऊन-येऊन ३७५. महिन्यात पंचवीस दिवस ये-जा करणाऱ्याचे ९,३७५ रुपये वाचतात. तो पूल जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून उभा राहिला आहे आणि कर्जाची फेड गाडी बघून होत नाही.

या धोरणात दुचाकी, रिक्षा आणि बस यांच्या खरेदीलाही सवलत आहे, हे आम्ही लपवत नाही. पण सरकारचे मन कुठे हळवे होते ते मार्च २०२५ मध्ये दिसले. अर्थमंत्री अजित पवारांनी अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग इलेक्ट्रिक मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. ३० लाखांच्या वरच्या, बरं का! महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात तो मागे घेतला. त्यातून महसूल फारसा मिळणार नाही, असे कारण दिले. शिष्यवृत्तीसाठी पोरे समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात, तेव्हा ही तत्परता कुठे असते? जीएसटीतही तेच. इलेक्ट्रिक मोटार कितीही महाग असो, कर ५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये दर कमी झाल्यानंतरही साध्या पेट्रोल स्कूटरवर आणि सीएनजी रिक्षावर १८ टक्के.

आता हायब्रीड. काही मोटार कंपन्या म्हणतात की आमची हायब्रीडही हिरवीच आहे, तिलाही करमाफी द्या. हायब्रीड म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. गाडीत पेट्रोलचे इंजिन असतेच, सोबत एक छोटी बॅटरी आणि विजेची मोटर. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि गर्दीत हळू चालताना वापरली जाते. त्यामुळे पेट्रोल कमी लागते, हे खरे. पण बाहेरून चार्जिंग न करता चालणाऱ्या हायब्रीडची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. उत्तर प्रदेश सरकारने २०२४ मध्ये अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केलाही. उद्या महाराष्ट्रात हीच मागणी आली तर तिथे आपला आवाज असायला हवा.

आणि पूर्ण बॅटरीवरची गाडी तरी निर्धूर कुठे आहे? पाम बीच रोडवर तिचा धूर दिसत नाही, कारण तो चंद्रपूर आणि कोराडीत निघतो. महाराष्ट्राची वीज अजूनही मोठ्या प्रमाणात कोळशावर होते. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धम्मदीक्षा दिली, त्याच चंद्रपूरची माणसे ती राख श्वासात घेतात. नेरूळची हवा स्वच्छ झाल्याचा जल्लोष करताना त्यांची आठवण ठेवावी.

यावरून कुणी आम्हाला यंत्रविरोधी ठरवू नये. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात घेतला आहे. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री होते आणि विजेचे खाते त्यांच्याकडेच होते. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, तिच्यातून उद्योग उभे राहावेत आणि माणूस दारिद्र्यातून सुटावा, हा त्यांचा हिशेब होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे लिहून ठेवले. त्या विजेचा आज पहिला मान कुणाला? ज्याच्या इमारतीत स्वतःचे पार्किंग आहे आणि पार्किंगमध्ये चार्जर आहे त्याला. तुर्भे स्टोअरच्या गल्लीत रिक्षा लावायला जागा मिळते तेच नशीब, चार्जिंग कुठून करणार?

म्हणून आमचे म्हणणे आहे की विजेच्या गाडीवर सरकारचा पैसा खर्च व्हायचा तर तो आधी बसवर व्हावा. एका बसमध्ये पन्नास माणसे जातात, त्यात घरकाम करणाऱ्या बाया असतात, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार असतात. पण बसमध्येही एक मेख मारून ठेवली आहे, ती नीट समजून घ्या. केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ई-बसचे अनुदान ठेकेदारीच्या पद्धतीला बांधले गेले. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, आणि महापालिकेने दर किलोमीटरमागे पैसे मोजायचे. एनएमएमटीच्या ई-बस याच वाटेने आल्या. एसटीचा ५,१५० ई-बसचा करारही भाडेतत्त्वावरचाच. चालक ठेकेदाराचा झाला की तो महापालिकेच्या आस्थापनेवर येत नाही. आस्थापनेवर नाही म्हणजे बिंदुनामावली नाही, बिंदुनामावली नाही म्हणजे आरक्षण नाही. कायदा बदलला नाही, संविधानाला हात लावला नाही, नुसती बस बदलली आणि आपल्या जागा गेल्या. उरलेल्यांचे हाल काय होतात ते ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत दिसले. बेस्टच्या भाड्याच्या बसवरच्या कंत्राटी चालकांना पगारवाढीसाठी आठवडाभर संप करावा लागला.

कारखान्यांचीही हीच तऱ्हा. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटा-किर्लोस्करचा इलेक्ट्रिक आणि हायब्रीड मोटारींचा कारखाना येणार म्हणून जुलै २०२४ मध्ये सामंजस्य करार झाला. गुंतवणूक सुमारे २०,००० कोटींची सांगितली गेली. हाच मराठवाडा, जिथे विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपल्या माणसांची घरे जळाली. सवलती घेणाऱ्या उद्योगांना ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्या, अशी अट महाराष्ट्र सरकार घालतेच. म्हणजे सवलतीसोबत अट घालता येते, हे सरकारला माहीत आहे. मग अनुसूचित जाती-जमातींच्या हिश्श्याची अट घालायला कोणाचा हात धरला आहे?

त्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही एक काम दिले आहे. एनएमएमटीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. ई-बसवर चालक किती, त्यातले महापालिकेच्या आस्थापनेवर किती, ठेकेदाराचे किती, मागच्या दहा वर्षांत चालकांची किती पदे भरली आणि बिंदुनामावलीची आजची स्थिती काय? दुसरा अर्ज महापालिकेकडे: रिक्षांसाठी सार्वजनिक चार्जिंग केंद्रे कोणत्या प्रभागात आहेत आणि त्यातली झोपडपट्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर किती? येत्या रविवारी विहारात दोन्ही मसुदे पक्के करू. दिघा, रबाळे, ऐरोलीच्या कार्यकर्त्यांनी येताना आपापल्या वस्तीतल्या रिक्षाचालकांची आणि कंत्राटी बसचालकांची यादी सोबत आणावी.