क्लाउडवरच्या दप्तरालाही मुदत हवी

घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो, पुराचे पंचनामे, धान खरेदीच्या नोंदणीसाठी दिलेले सातबारे आणि पासबुकाची पानं, हे सगळं आता मोबाइलवरून क्लाउडवर चढतं. एकाच भिंतीचे चार-चार फोटो, ‘यादी अंतिम’, ‘यादी अंतिम नवीन’ अशा फाइली साचत जातात. मग जागा संपली की हाताला लागेल ते उडवलं जातं. मोहाडी तालुक्यातल्या कार्यालयांनी असं होऊ द्यायचं नसेल, तर प्रत्येक फाइलची मुदत आधीच ठरवायला हवी.

1. यासाठी नवं काही शोधायला नको. सरकारी दप्तरात ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे 30 वर्षं, ‘क’ म्हणजे 10, ‘क-1’ म्हणजे 5 आणि ‘ड’ म्हणजे एक वर्ष, हे वर्गीकरण रुळलेलं आहे. सहा गठ्ठे पद्धतीत नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठाही वेगळाच असतो. क्लाउडवर याच वर्गांचे फोल्डर करा.

2. सरकारी काम खासगी जीमेलवर ठेवू नका. गुगलची फुकट जागा 15 जीबी. ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते आणि दोन वर्षं न वापरलेलं खातंच बंद होऊ शकतं. शिवाय कर्मचाऱ्याची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

3. मोजणी कुठून सुरू होते, ते पाहा. अमेझॉन एस-3 सारख्या सेवेत आपोआप मिटवण्याचे दिवस फाइल चढवल्यापासून मोजले जातात. दप्तराची मुदत मात्र प्रकरण निकाली निघाल्यापासून धरायची असते. म्हणून चालू प्रकरणांच्या फोल्डरला मिटवण्याचा नियम लावूच नये. प्रकरण निकाली निघालं की त्याची प्रत वर्गवार फोल्डरमध्ये टाकावी. त्या प्रतीचे दिवस तिथून नव्याने सुरू होतात.

4. जुनं ते सगळं स्वस्त साठवणुकीत ढकलू नका. एस-3 च्या सर्वांत स्वस्त कप्प्यातून फाइल परत मिळायला 12 तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. 2020 च्या वैनगंगेच्या पुराचे निकाली पंचनामे तिथे चालतील. फेरफाराची नक्कल घ्यायला गावाहून आलेल्या माणसाला मात्र ‘उद्या या’ म्हणणं चालणार नाही.

5. कोर्टात किंवा माहिती अधिकाराच्या अपिलात अडकलेल्या फाइलवर मिटवण्याला बंदी हवी. मागितलेली माहिती नष्ट केली, तर कलम 20 नुसार 25,000 रुपयांपर्यंत दंड होतो. यंत्राला अपील कळत नाही. त्यामुळे मिटवण्याआधी यादी निघावी, जबाबदार अधिकाऱ्याची सही व्हावी आणि यादी कायम जपावी.

6. आधार आणि पासबुकाच्या प्रती काम संपल्यावर पडून राहू देऊ नयेत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती पुसण्याच्या बंधनातून सरकारी यंत्रणांना सूट दिली आहे. म्हणूनच हा नियम कार्यालयांनी स्वतःहून करायला हवा.

येत्या ग्रामसभेत आणि नगरपंचायतीच्या सभेत एवढंच विचारा: आमची कागदपत्रं कुठल्या खात्यात आहेत, कुठल्या वर्गात आहेत आणि किती वर्षांसाठी? उत्तर लेखी मागा.